कमांडर एक्स१६ वर सी आणि असेंब्ली: कंपाइल होत नाही तेव्हा वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोणतं यंत्र, आणि एरर त्याच्यावर येते की माझ्या लॅपटॉपवर?

कमांडर एक्स१६ हा जुन्या ८-बिट संगणकांच्या वळणाचा, पण नव्याने बनवलेला संगणक आहे. 'एट-बिट गाय' (8-Bit Guy) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डेव्हिड मरे यांनी हा प्रकल्प सुरू केला आणि २०२३ पासून त्याचे बोर्ड लोकांच्या हातात पडू लागले. आत ८ मेगाहर्ट्झचा ६५सी०२, ५१२ केबी बँक्ड रॅम (बँका म्हणजे ८-८ केबीचे तुकडे, एका वेळी एकच समोर येतो; २ एमबीपर्यंत वाढणारी), चित्रासाठी १२८ केबीची स्वतःची मेमरी असलेली व्हेरा ही चिप आणि आवाजासाठी यामाहाची वायएम२१५१. आपल्याकडे १९८४ नंतर सरकारी 'क्लास' योजनेतून ज्या शाळांत बीबीसी मायक्रो आले, तिथल्या मुलांना हा प्रोसेसर परका नाही. त्या यंत्रातला ६५०२ म्हणजे याच घराण्यातला थोरला.

सी किंवा असेंब्लीत लिहिणारे बहुतेक जण कोड लॅपटॉपवरच कंपाइल करतात आणि तयार फाइल एसडी कार्डावरून यंत्रात नेतात. त्यामुळे कंपायलरची एरर नेहमी लॅपटॉपवर दिसते. यंत्रावर दिसतं ते 'सिंटॅक्स एरर', काळा पडदा किंवा नुसती शांतता. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. खाली दोन्ही घेतल्या आहेत, पण विचारताना कोणती आहे ते आधी सांगा, म्हणजे दोघांचाही वेळ वाचेल.

एकदम चाळीस ओळी एरर येतात. सुरुवात कुठून करू?

सगळ्यात वरच्या ओळीपासून. खालच्या चाळीसपैकी तीसेक ओळी तिचीच पिल्लं असतात.

मग बोलतंय कोण ते बघा. सीसी६५ हा ६५०२ घराण्यासाठीचा सी कंपायलर, पण ती एकच गोष्ट नाही. सीसी६५ तुमच्या सीची असेंब्ली करतो, सीए६५ हा असेंबलर त्या असेंब्लीची ऑब्जेक्ट फाइल करतो आणि एलडी६५ हा लिंकर सगळे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवतो. सीएल६५ फक्त मुकादम, तो या तिघांना पाळीपाळीने कामाला लावतो. ओळीच्या सुरुवातीला सी फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असेल तर तक्रार पहिल्याची, असेंब्ली फाइलचं नाव असेल तर दुसऱ्याची, 'एलडी६५' असं लिहिलेलं असेल तर तिसऱ्याची. लिंकर ओरडत असताना सीमधले अर्धविराम तपासत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. अर्धविराम चुकला असता तर गाडी लिंकरपर्यंत पोचलीच नसती.

काहीही विचारलं तरी तुम्ही आधी 'आवृत्ती कोणती' हेच का विचारता?

कारण निम्म्या वेळा पाणी तिथेच मुरत असतं.

लिनक्सवर पॅकेज मॅनेजरमधून सीसी६५ घेतला की बरेचदा २.१९ ही आवृत्ती येते. ती २०२० सालची. त्यात एक्स१६ साठीचं लक्ष्य (टार्गेट, म्हणजे कोड कोणत्या यंत्रासाठी बनवायचा ते) आहे, हेडर आहे, लायब्ररी आहे, सगळं कसं छान. पण तेव्हा एक्स१६ स्वतःच घडत होता. पुढे रॉमच्या (यंत्रात कायम असलेल्या प्रणालीच्या) आर३९ आवृत्तीबरोबर हार्डवेअरचा नकाशा बदलला. रॅमची बँक आधी $९एफ६१ या पत्त्यावर ($ म्हणजे आकडा सोळाच्या पायातला) लिहून बदलायची, ती $०००० वर आली. रॉमची बँक $९एफ६० वरून $०००१ वर. जुन्या लायब्ररीशी जोडलेला प्रोग्रॅम आजही निमूटपणे $९एफ६१ वर लिहितो. नव्या बोर्डावर तो पत्ता विस्तार-कार्डाच्या खाचेचा आहे. तिथे कार्ड नसेल तर भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीत पत्र टाकल्यासारखं होतं: बँक बदलत नाही, एरर येत नाही, आणि तुमचा डेटा भलत्याच बँकेत पडतो.

माझ्या दोन संध्याकाळी यात गेल्या. तीन बँकांत तीन चित्रं भरली होती आणि तिन्ही वेळा शेवटचंच चित्र दिसत होतं. कोड दहा वेळा वाचला. कोडमध्ये काही चूक नव्हतीच.

तेव्हा: पॅकेज काढून टाका, सीसी६५ च्या मूळ भांडारातून ताजा सोर्स घ्या आणि स्वतः बांधा. मेक चालवलं की काही मिनिटांचं काम आहे. मात्र जुना खरोखर गेला आहे ना ते बघा. 'सीसी६५ होम' नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जुन्या फोल्डरकडे बोट दाखवत राहिला तर नवा कंपायलर जुनी लायब्ररी उचलतो, आणि मग आगीतून फुफाट्यात. यंत्राच्या बाजूने, रॉम बँक ० मध्ये $एफएफ८० या पत्त्यावर रॉमचा आवृत्ती क्रमांक असतो. तोही प्रश्नासोबत द्या.

'इनव्हॅलिड इनपुट कॅरेक्टर विथ कोड ई०' असं काहीतरी येतं. कोड तर बरोबर दिसतो!

दिसतो बरोबर, आहे वेगळा. ही तक्रार मराठी माणसालाच जास्त भेटते, म्हणून जरा सविस्तर.

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट ई०. कुणाला तरी मेसेज लिहून झाला, कीबोर्ड मराठीवरच राहिला, आणि ॲरेच्या मापात इंग्रजी 10 ऐवजी देवनागरीतला १० टाइप झाला. काही फॉन्टमध्ये शून्य दोन्हीकडे इतकं सारखं दिसतं की डोळ्याला पत्ता लागत नाही. कंपायलरला मात्र तिथे आकडा दिसतच नाही, दिसतो तो ई०.

कोड ई२ असेल तर पीडीएफमधून किंवा फोनवरून कोड चिकटवला असणार: सरळ अवतरणचिन्हांची वाकडी झालेली असतात, किंवा वजाबाकीच्या चिन्हाची लांब रेघ. कोड सी२ असेल तर न तुटणारी स्पेस. ही सगळ्यात दुष्ट, कारण ती दिसतच नाही. ओळ क्रमांक एररमध्ये असतोच. ती ओळ अख्खी खोडा आणि हाताने पुन्हा टाइप करा. शोधाशोध करण्यापेक्षा हे लवकर होतं.

टिप्पण्या मराठीत लिहिल्या तर चालतं, मी लिहितो.

फ्लोट वापरला तर कंपायलर सरळ नकार देतो.

सीसी६५ मध्ये अपूर्णांक नाहीत. पूर्णांकात काम करा: १.५ ऐवजी ३८४ ठेवा (म्हणजे १.५ गुणिले २५६) आणि शेवटी ८ बिट उजवीकडे सरकवा. खेळातल्या वेगासाठी वगैरे हे पुरून उरतं.

'फॉर'च्या कंसातच 'इंट आय' लिहिलं तर एरर का?

सीसी६५ चं वळण १९८९ च्या सीचं आहे. व्हेरिएबल ब्लॉकच्या सुरुवातीलाच, पहिल्या कृतीच्या आधी मांडायचे. मध्येच मांडले तर २.१९ मध्ये एरर नक्की, आणि ती बहुधा पुढच्याच ओळीवर दाखवली जाते, त्यामुळे माणूस भलतीकडे बघत बसतो. महाविद्यालयात टर्बो सी वर शिकलेल्यांना हे सवयीचं असेल. त्या शिक्षणाचा असा उपयोग होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

एरर नाही, वॉर्निंग नाही, पण पडद्याच्या खालच्या भागात काढलेली रेघ वरच्या भागात उमटते.

इथे 'इंट' १६ बिटांचा आहे. ३२० गुणिले २४० च्या, एका पिक्सेलला एक बाइट अशा पडद्याला ७६,८०० बाइट लागतात. १६ बिटांत जास्तीत जास्त ६५,५३५ मावतात. पिक्सेलचा पत्ता तुम्ही 'वाय गुणिले ३२० अधिक एक्स' असा काढता. वाय २०४ असताना ६५,२८० येतात, म्हणून त्या ओळीतला २५५ वा पिक्सेल नीट पडतो आणि २५६ वा थेट पत्ता शून्यावर, म्हणजे पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. २०५ व्या ओळीचा पहिला पिक्सेल ६५,६०० ऐवजी ६४ वर.

व्हेराचा पत्ता १७ बिटांचा आहे, म्हणून हिशोब 'लाँग'मध्ये करा. आणि 'लाँग' गुणाकाराच्या आधी लावा. दोन इंट गुणून उत्तर लाँगमध्ये ठेवलं तर काही उपयोग नाही, दूध सांडून गेल्यावर मोठं पातेलं आणल्यासारखं ते.

त्याच जातीचं आणखी एक: साधा 'कॅर' या कंपायलरमध्ये मुळातच अनसाइन्ड असतो. 'शून्यापेक्षा लहान झाला की थांब' असं कॅरवर लिहिलंत तर लूप थांबणार नाही.

'सेगमेंट ओव्हरफ्लोज मेमरी एरिया मेन' म्हणजे काय? माझ्याकडे तर ५१२ केबी आहेत!

आहेत, पण सगळ्या एकाच वेळी समोर नाहीत. प्रोसेसरला एका वेळी ६४ केबीच दिसतात. तुमच्या प्रोग्रॅमला मिळते ती $०८०१ पासून $९ईएफएफ पर्यंतची जागा, म्हणजे ३८,६५५ बाइट. यंत्र चालू केल्यावर बेसिक हाच आकडा दाखवतं, बघा. त्यातले २,०४८ सीसी६५ आपल्या स्टॅकला राखून ठेवतो. उरले ३६,६०७. त्यात तुमचा कोड, लायब्ररी, तयार डेटा आणि रिकामे ॲरे, सगळं कोंबायचं आहे. उरलेली रॅम $ए००० ते $बीएफएफएफ या ८ केबीच्या खिडकीतून, एकेक बँक पुढे ओढून बघायची. ५१२ केबी म्हणजे अशा ६४ बँका, पैकी शून्य नंबरची यंत्राच्या कर्नलची. तिला हात लावू नका.

एररमध्ये किती बाइट जास्त झाले तो आकडा येतो. तो वाचा, कारण उपाय त्यावर ठरतो.

दोनचारशे बाइटच जास्त असतील तर ऑप्टिमायझेशनचा 'ओ' पर्याय लावला आहे ना ते बघा. कित्येकदा तेवढंच निमित्त असतं. एकदोन हजार असतील तर 'प्रिंटएफ' शोधा. तो एकटा काही किलोबाइट घेऊन येतो, लग्नाला एकाला बोलवावं आणि त्याने सगळी आळी आणावी तसा. नुसता मजकूर छापायला 'सीपुट्स' पुरतो. दहा हजारांच्या वर असेल तर कोडकडे बघूच नका, डेटाकडे बघा. परवाचंच उदाहरण: १२८ गुणिले ६४ टाइल्सचा नकाशा, प्रत्येक टाइलला दोन बाइट. म्हणजे १६,३८४ बाइट, उपलब्ध जागेच्या जवळपास ४५ टक्के, आणि हा नकाशा सी फाइलमध्ये ॲरे म्हणून लिहिलेला. तो शेवटी जायचा कुठे? व्हेराच्या मेमरीत. मग त्याला मुख्य मेमरीत मुक्कामाला उतरवायचं कशाला? वेगळी फाइल करून एसडी कार्डावर ठेवा आणि कर्नलच्या लोड रूटीनला ती थेट व्हेरात उतरवायला सांगा. ए रजिस्टरमध्ये २ असेल तर व्हेराच्या मेमरीचा पहिला ६४ केबीचा भाग, ३ असेल तर दुसरा.

कोण किती जागा खातंय ते कळायला लिंकरकडून मॅप फाइल मागा, लहान 'एम' पर्याय देऊन. एकदा वाचलीत की सवय लागेल.

'टू मेनी लोकल व्हेरिएबल्स'?

एका फंक्शनमधल्या लोकल व्हेरिएबलना मिळून २५६ बाइटांची मर्यादा आहे. कंपायलर त्यांच्यापर्यंत वाय रजिस्टरने पोचतो आणि ते आठ बिटांचं. मोठा ॲरे 'स्टॅटिक' करा किंवा फंक्शनच्या बाहेर काढा. सगळेच लोकल स्टॅटिक करणारा पर्यायही आहे आणि त्याने वेगही वाढतो, पण फंक्शन स्वतःलाच हाक मारत असेल तर तो लावू नका.

'अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल'. फंक्शन तर लिहिलेलं आहे.

दोनच कारणं बघा. एक, ती फाइल कंपाइलच्या कमांडमध्ये घातलेली नाही. दोन, फंक्शन असेंब्लीत आहे आणि नावाआधीची अंडरस्कोर राहिली आहे. सीमधल्या प्रत्येक नावाच्या आधी कंपायलर एक अंडरस्कोर लावतो, म्हणून असेंब्लीतही ती लावून नाव एक्सपोर्ट करावं लागतं. लहान-मोठी अक्षरंही जुळायला हवीत.

असेंब्लीत 'एसटीझेड' लिहिलं की 'कोलन एक्स्पेक्टेड' येतं. कोलनचा इथे काय संबंध?

ही माझी आवडती एरर, कारण संदेश पूर्णपणे खरा आणि पूर्णपणे निरुपयोगी आहे. लक्ष्य सांगितलं नाही तर सीए६५ मूळ १९७५ चा ६५०२ धरून चालतो. त्या ६५०२ ला 'एसटीझेड' ही सूचना नव्हती, ती ६५सी०२ मध्ये आली. ओळखीची सूचना नाही म्हटल्यावर असेंबलर समजतो की तुम्ही लेबल लिहिताय, आणि लेबलानंतर कोलन हवा. 'बीआरए', 'पीएचएक्स', 'पीएलवाय' यांचंही तेच. कमांडमध्ये लक्ष्य म्हणून सीएक्स१६ द्या, किंवा फाइलच्या डोक्यावर सीपीयू ६५सी०२ असल्याचं 'सेटसीपीयू'ने जाहीर करा. कोलन घालू नका. एकाने घातला होता. एरर गेली, सूचनाही गेली.

काल चालणारा कोड आज मध्ये चार ओळी घातल्यावर 'रेंज एरर' देतो.

ब्रँच सूचनेची उडी मागे १२८ आणि पुढे १२७ बाइट एवढीच. काल तुम्ही १२० वर होतात, आज १३१ वर. अट उलटी करून मध्ये 'जेएमपी' घाला, किंवा सीए६५ चं 'लाँगब्रँच' मॅक्रोपॅक घेऊन 'बीएनई'च्या जागी 'जेएनई', 'बीईक्यू'च्या जागी 'जेईक्यू' लिहा. सगळीकडे सरसकट बदलू नका. जिथे लांब उडी लागते तिथे दोनाऐवजी पाच बाइट जातात.

असेंबलरने कोड विनातक्रार घेतला, मित्राच्या बोर्डावर चालतो, माझ्यावर कोलमडतो.

तुमच्या बोर्डावर ६५सी०२ आहे की ६५सी८१६? दोन्ही बसतात. ६५सी०२ मध्ये एकेक बिट हाताळणाऱ्या आरएमबी, एसएमबी, बीबीआर, बीबीएस अशा सूचना आहेत. ८१६ मध्ये त्याच आकड्यांना वेगळे अर्थ आहेत. उदाहरणार्थ $०७ हा पहिल्यावर 'शून्यावा बिट पुसा', दुसऱ्यावर 'ओआरए'चा एक प्रकार. असेंबलरला तुमच्या घरी कोणती चिप आहे ते कसं कळणार? या सूचना टाळा. थोडे बाइट जास्त जातील, जाऊ द्या.

अक्षरं लहानाची मोठी होतात. आणि मराठी मजकूर छापता येईल का?

अक्षरांना आकडे देण्यासाठी यंत्र मुळात पेटस्की हा जुना संच वापरतं, लॅपटॉपवरचा आस्की नाही. सीसी६५ स्ट्रिंगमधली अक्षरं आपणहून बदलून देतो, पण फाइलमधून वाचलेल्या मजकुराला तो हात लावत नाही. म्हणून स्ट्रिंग ठीक दिसते आणि फाइल उलटीपालटी. यंत्र आयएसओ मोडमध्ये न्यायचं की फाइल पेटस्कीत साठवायची, एक काय ते ठरवा.

मराठी स्ट्रिंग नुसती अवतरणात टाकली तर एका अक्षराची तीन चित्रविचित्र चिन्हं होतात. करायचंच असेल तर ८ गुणिले ८ च्या चौकटीत स्वतःची अक्षरं काढून व्हेराच्या कॅरेक्टर सेटमध्ये भरावी लागतील. २५६ चौकटी मिळतात. मुळाक्षरं बसतात, वेलांट्या पुढच्यामागच्या चौकटीत ढकलता येतात, जोडाक्षरांपाशी घोडं अडतं. मी 'श्री' एकट्यासाठी दोन चौकटी खर्चल्या आणि तरी ते शेजारच्या दुकानाच्या घासलेल्या पाटीसारखंच दिसतं.

फाइल लोड होते, पण 'रन' म्हटलं की सिंटॅक्स एरर.

आधी 'लिस्ट' करा. एकच ओळ दिसायला हवी, तिच्यात 'सिस' आणि एक आकडा. तिच्या जागी कचरा दिसला तर फाइलच्या सुरुवातीचे दोन बाइट तपासा. ते ०१ आणि ०८ हवेत: $०८०१ हा लोड-पत्ता, उलट्या क्रमाने. लिंकरची कॉन्फिग फाइल स्वतः लिहिणाऱ्यांकडून हे दोन बाइट हमखास राहतात. मग यंत्र तुमच्या प्रोग्रॅमचे पहिले दोन बाइट पत्ता समजून गिळतं आणि बाकी सगळं दोन घरं सरकतं.

एम्युलेटरवर (लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली एक्स१६ वर) सगळं ठीक, खऱ्या यंत्रावर नाही. कंपायलर बदलू का?

नको. कंपायलरने त्याचं काम केलंय. बघायच्या जागा या.

खरी रॅम चालू होते तेव्हा तिच्यात काहीही भरलेलं असतं. सीमधले ग्लोबल व्हेरिएबल सीसी६५ चा स्टार्टअप कोड शून्य करून देतो, पण बँक्ड रॅम आणि व्हेराची मेमरी तुमची तुम्हीच साफ करायची.

आवाज अर्धवट येत असेल तर वायएम२१५१ ला श्वास घ्यायला वेळ द्या. एक बाइट लिहिला की ती चिप थोडा वेळ व्यस्त असते. $९एफ४१ वाचून सर्वात वरचा बिट उतरेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढचा लिहायचा.

आणि रॉम. एम्युलेटर तुम्ही परवा नवा उतरवलात, बोर्डावरचा रॉम विकत घेतला तेव्हाचा. नवं रूटीन जुन्या रॉममध्ये नसेल तर उडी कुठे पडेल याला धरबंध नाही.

सीसी६५ सोडून दुसरं काही?

एलएलव्हीएम-मॉस हा दुसरा कंपायलर घ्या, जर व्हेरिएबल कुठेही मांडायची सवय सुटत नसेल किंवा सी++ हवं असेल. तो क्लँग या आधुनिक कंपायलरवर उभा आहे आणि त्याच्या एरर वाचायला सुखाच्या. इर्मेन द याँग यांची प्रॉग८ ही वेगळीच भाषा आहे, पण खास अशाच यंत्रांसाठी बेतलेली. खेळ लिहायला मला तीच आवडते. तिला जावा आणि ६४टास हा असेंबलर, दोन्ही लागतात. 'कंपाइल झालं पण प्रोग्रॅम फाइल बनली नाही' अशी तक्रार आली की मी डोळे मिटून विचारतो, ६४टास पाथमध्ये आहे का?

यापैकी काहीच लागू पडत नाही. काय पाठवू?

पहिली एरर जशीच्या तशी, पूर्ण कमांड, कंपायलरची आणि रॉमची आवृत्ती, प्रोसेसर कोणता, आणि एरर अजूनही देणारा शक्य तितका लहान कोड. सहाशे ओळींची फाइल पाठवू नका. तिच्यातून निम्मी काढून टाका, एरर राहिली तर पुन्हा निम्मी. बऱ्याच जणांचं पत्र मला येतच नाही, वीसेक ओळी उरल्या की त्यांना चूक सापडलेली असते.